करंगळीपर्यंत

मुलुंड (पूर्व),
११ नोव्हेंबर २०२४

मथुरा,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. मोडलाय तो तुझाच घोटा, आणि लिहितेय ती मी.

फोन का नाही, ते आधी सांगते. परवा तुझ्या कल्पिताने हर्षदला फोन केला, सासूबाई पडल्या म्हणून, आणि त्याने तुला अंधेरीच्या हॉस्पिटलात बोलावून घेतलं, एवढं मला कळलं. पुढचं विचारलं तर चिरंजीव म्हणाले, "आई, मथुरामावशी आता माझी पेशंट आहे. तिच्या पायाबद्दल मी घरात बोलणार नाही, आणि तू मध्ये पडायचं नाहीस, तिला फोन करून भंडावायचं नाहीस." वर शपथ घ्यायला लावली. घेतली मी. फोन करणार नाही म्हटलं. बत्तीस वर्षं पार्ल्याच्या पोस्टात शिक्के मारलेत, पण पत्राचं नाव त्याच्या डोक्यातही आलं नाही. या पिढीला पाकीट म्हणजे बँकेची नोटीस वाटते.

तू पार्ल्याच्या बाजारात बसायला लागलीस तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. हर्षदला पहिला मासा भरवला तो तुझ्याकडचा. मुलुंडला येऊन चार वर्षं झाली, तरी इथल्या कोळणीच्या हाताकडे मी अजून संशयानेच बघते. तेव्हा आता नीट, सविस्तर लिही. पडलीस कशी? ऑपरेशन कधी? दुखतंय किती?

हर्षदच्या हातात आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. हाडांचा डॉक्टर म्हणून त्याचं नाव चांगलं आहे, असं मीच सगळ्यांना सांगत असते.

अर्धी शपथ पाळणारी,
सुलक्षणा


खारदांडा,
१४ नोव्हेंबर

सुलक्षणाबाय,

पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता, मथुरा कोण. चार पिढ्या आम्ही इथे, पण माझ्या नावाचं पाकीट पहिल्यांदाच आलं. कल्पिताला वाटलं कोर्टाचं काहीतरी असणार. मी सातवीपर्यंत शिकलेय, हे माझ्या घरात कुणाला खरं वाटत नाही. आता वाटेल.

पडले ती बाजारात. बर्फाचं पाणी सांडलं होतं, पाय घसरला. यात आणखी विचारण्यासारखं काही नाही.

उजवा पाय तीन उशांवर आहे आणि सुजून टम्म झालाय. हर्षद म्हणतो, सूज उतरून घोट्यावरच्या कातडीला सुरकुत्या पडल्या की मगच ऑपरेशन. एक दिवसाआड हॉस्पिटलात नेतात आणि तो वाकून वाकून बघतो. मी म्हटलं, बाबा, माझ्या सुरकुत्यांची वाट बघणारा तूच पहिला. नर्स हसली, तो लाजला.

मला साखर असल्यामुळे लांब चीर नको म्हणतो, जखम भरायला वेळ लागेल. त्याऐवजी तीन-चार बारीक भोकं पाडायची, खालच्या भोकातून प्लेट आत सरकवायची आणि बाकीच्या भोकांतून स्क्रू पिळायचे. ऐकायला झकास आहे.

आता मनातलं सांगते. मी विळी कशी धरते ते तू बघितलंयस. विळीचा पाट माझ्या उजव्या पायाखाली असतो. तो हलला का, तिरका झाला का, हे मला पायाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीला कळतं. नजर माशावर असते आणि बोटं पात्याला लागून असतात. ती कड बधिर झाली तर माझी बोटं जातील, नाहीतर धंदा जाईल. बाकी लंगडत चालायची मला लाज नाही.

हे मी हर्षदला सांगितलं. त्याने कागदावर घोटा काढला, बरंच काही बोलला, अर्धं इंग्रजीत. निघताना कल्पिताला दाराशी जे म्हणाला ते तिने जसंच्या तसं लक्षात ठेवलंय: "त्या कडेला सुरळीत आहे, सांभाळून करू." घरात सगळे खूश झाले. मला मात्र एक कळेना. सुरळीत आहे तर सांभाळायचं काय?

तू त्याची आई आहेस, तुला कळत असेल तर लिही.

मथुरा


मुलुंड,
१६ नोव्हेंबर

मथुरा,

तुझं पत्र वाचून आधी मी एवढी हसले की हे आतल्या खोलीतून बघायला आले. मग हसू गेलं.

सुरळीत नव्हे गं. सुरल. ते एका नसेचं नाव आहे. हर्षद शिकत होता तेव्हा पार्ल्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून घोकायचा आणि मी पुस्तक धरून त्याच्या चुका काढायचे. अर्थ कळत नव्हता, पण नावं पाठ झाली. ही सुरल पोटरीच्या मागून उतरते, घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून वळते आणि पायाच्या कडेने थेट करंगळीपर्यंत जाते. आपण रक्ताच्या नळीलाही नस म्हणतो आणि हिलाही नसच म्हणतो, म्हणून घोळ होतो. ही जाणिवेची नस. ती दुखावली तर रक्त वाहत नाही, जीवाला धोका नाही. फक्त कड बधिर होते.

"फक्त" लिहिलं आणि पेन थांबलं. तुझ्या बाबतीत ते फक्त नाही, हे मला कळतंय.

मोठ्या चिरेत आतलं थोडंफार डोळ्यांना तरी दिसतं. बारीक भोकातून काम म्हणजे आंधळी कोशिंबीर. मागे ही सुरल, पुढच्या बाजूला पावलाच्या वरच्या अंगाची अशीच दुसरी नस, आणि हाडाच्या अगदी मागे पाऊल वळवणारे दोन जाड दोर. या सगळ्यांच्या मधून प्लेट न्यायची. म्हणून तो सांभाळून म्हणाला.

पण तू घाबरू नकोस. हर्षदने ही ऑपरेशनं कितीतरी बघितली आहेत.

तुझी,
न विचारता डॉक्टरकी करणारी सुलक्षणा


खारदांडा,
१८ नोव्हेंबर

सुलक्षणाबाय,

"कितीतरी बघितली आहेत." बरं झालं तू हे लिहिलंस, फोनवर बोलली असतीस तर माझ्या कानावरून गेलं असतं. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. माझ्या नवऱ्याने, गुणाजीने, चौतीस वर्षं मला मासे कापताना बघितलंय. त्याला अजून एक बोंबील धड साफ करता येत नाही.

तुला बोलतं करायचं तर आधी मला खरं बोलायला हवं. तुझा मुलगा हुशार आहे. काल त्याने माझा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाला, "मावशी, घसरून हाड असं मोडत नाही. पाय जमिनीत रोवलेला होता आणि अंग गर्रकन फिरलं. काय करत होतीस?" मी म्हटलं, बर्फाचं पाणी. तो म्हणाला, "बर्फाच्या पाण्यावर पाय रोवून राहतो?"

वाट लागली. बाय, पुढच्या महिन्यात माझ्या भाचीची हळद आहे. पोरींना नाचायचं होतं, आणि एकीलाही गिरकी धड घेता येईना. मी म्हटलं, सरका, मी दाखवते. पाऊल घट्ट ठेवून कमरेतून फिरले. कमर फिरली, अंग फिरलं, पाऊल राहिलं तिथेच. एकसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरात नाचताना पडले असं बाजारात सांगू कशी? म्हणून बर्फाचं पाणी.

आता तू सांग. हर्षदने स्वतःच्या हाताने किती केली?

आणि ते कळेपर्यंत एक काम कर. भरलं पापलेट करायचं तर पोट फाडत नाहीत. कल्ल्याजवळ छोटी चीर, त्यातून बोट आत, आणि सगळी घाण बाहेर. आत पित्ताची थैली असते, ती दिसत नाही. फुटली की मासा कडू. तीन पापलेटं आण आणि हर्षदच्या हातात दे. त्याला काही शिकवू नकोस. मला बघायचंय, दिसत नाही तिथे त्याचा हात काय करतो.

मथुरा


मुलुंड,
२० नोव्हेंबर

मथुरा,

पापलेटं आणली. ती कशासाठी, हे सांगताना पत्रांची भानगड उघडी पडली. हर्षद आधी चिडला. मग तुझं पत्र मागून वाचलं. मग शर्टाच्या बाह्या सारल्या.

पहिल्या पापलेटात त्याने चीर घेतली आणि तीच सुरी घेऊन आत गेला. पित्त फुटलं. मी धुऊन, चिंच लावून तसंच कालवण केलं आणि आमच्या ह्यांना वाढलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "गो, आज माशात कारला घातलंस काय?" दुसऱ्यात थैली अर्धी वाचली. तिसऱ्या वेळी त्याने कातडीपुरती चीर घेतली आणि सुरी ओट्यावर ठेवून दिली. बोट वाकडं करून आतलं मऊ सगळं हळूहळू बाजूला सारलं, मग ओढलं. थैली अख्खी बाहेर आली, हिरवीगार.

ती त्याने उजेडात धरून बघितली. म्हणाला, "आई, आमचे सर हेच ओरडून ओरडून सांगतात. सुरी कातडीपुरती. खाली बोथट चिमट्याने वाट करायची, मग नळी घालायची, आणि त्या नळीतूनच ड्रिल. मला हे पाठ आहे. तरी घाईत सरळ आत गेलो."

तो "घाईत" शब्द मी गाळणार होते, पण गाळला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सरांच्या हाताखाली त्याने अकरा केली आहेत. स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या नावावर, हे पहिलं. मला हे पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणालीस तर त्याला वाईट वाटेल असं वाटलं. म्हणजे तुझ्या पायापेक्षा मी माझ्या मुलाचं मन जपलं. मला त्याची लाज वाटते, मथुरा.

उद्या तो तुझ्याकडे येऊन सगळं स्वतः सांगणार आहे. सर करू शकतात, किंवा मोठी चीर घेता येईल, किंवा दुसरा डॉक्टर. त्याला नाही म्हणालीस तरी आपल्यात काही बदलणार नाही. हे पत्र पोचेपर्यंत तू काय ते ठरवलेलं असशील.

सुलक्षणा


खारदांडा,
२ डिसेंबर

सुलक्षणाबाय,

झालं एकदाचं. तेवीस तारखेला. चार भोकं, चार टाके, आणि आत एक प्लेट.

हर्षद आला तेव्हा खुर्चीवर न बसता माझ्या पायाशी जमिनीवर बसला. हे पहिलंच आहे म्हणाला. कड बधिर होऊ शकते म्हणाला. बऱ्याच जणींची जाणीव परत येते, काहींची येत नाही, वचन देता येणार नाही म्हणाला. अगदी सोप्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द नाही. वचन दिलं असतं तर मी सरांना बोलावलं असतं. त्याला म्हटलं, तूच कर, पण सरांना बाजूला उभं कर.

मी हो का म्हटलं, त्याचं खरं कारण तुला सांगते. चौतीस वर्षांपूर्वी माझ्या सासूने मला पहिल्यांदा एकटीला बाजारात बसवलं, त्या दिवशी तू आलीस. नवी नवरी, हातात हिरवा चुडा. भरायला पापलेट मागितलंस. मी पित्त फोडलं. मला कळलं होतं बरं का. तरी धुतलं, गुंडाळलं आणि हसत तुझ्या पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी तू मला शोधत आलीस. मला वाटलं आता भांडण. तू सुरमई मागितलीस. तुझ्या मुलाला नाही म्हणायला माझं तोंड कुठे होतं?

करंगळीचं विचारशील. उत्तम आहे. हर्षद कापसाने कडेला स्पर्श करतो आणि विचारतो, लागलं का? मी डोळे मिटून बरोबर सांगते. त्याचा चेहरा असा काही खुलतो की बघत राहावं.

तुझी,
आता चार भोकांची मथुरा


खारदांडा,
५ डिसेंबर

सुलक्षणाकाकू,

मी कल्पिता. आईंना न सांगता लिहितेय. "सुरळीत" चा घोटाळा माझ्यामुळे झाला, आता दुसरा माझ्यामुळे होऊ नये.

आईंची करंगळी उत्तम नाही. कडेला त्यांना काहीही लागत नाही. हर्षददादा तपासतात तेव्हा मी त्यांच्या मागे उभी असते. कापूस टेकला की मी खोकते, आणि आई "लागलं" म्हणतात. आईंनी तसं बजावलंय. मला ऐकावं लागलं. तुम्हाला माहीत आहे त्यांचं.

पण परवा गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायाला लागून राहिली. त्या मजेत गप्पा मारत होत्या. मी बघितलं तेव्हा करंगळीपाशी फोड आला होता. त्यांना पत्ताच नव्हता. साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली तर काय होतं ते मी माझ्या वडिलांचं बघितलंय. म्हणून घाबरले.

दादांना तुम्ही सांगा. माझं नाव नाही आलं तर बरं. आलं तरी चालेल.

कल्पिता


खारदांडा,
९ डिसेंबर

सुलक्षणाबाय,

तुम्ही तिघांनी मिळून मला पकडलंत.

काल हर्षद आला. नेहमीसारखं म्हणाला, मावशी, डोळे मिट. मी मिटले. कल्पिता खोकली. मी म्हटलं, लागलं. परत खोकली. मी म्हटलं, लागलं. तिसऱ्यांदा खोकली तेव्हा मी जरा नखरा केला, म्हटलं, किती जोरात टोचतोस रे. डोळे उघडले तर त्याचे दोन्ही हात खिशात. म्हणाला, "मावशी, मी अजून तुझ्या पायाला हातच लावलेला नाही."

कल्पिता स्वयंपाकघरात पळाली. माझी सून तुझ्या मुलाला सामील, आणि हे सगळं जुळवणारी तू. तुझी शपथ कुठे गेली ते विचारत नाही.

त्याने विचारलं, का केलंस? मी खरं ते सांगितलं. तुझ्या पहिल्या कामाला बट्टा लागू नये म्हणून. रागावेल वाटलं, पण त्याचे डोळे भरले. म्हणाला, "तू लपवलंस तर मला वाटेल मी बरोबर केलं. मग पुढच्या बाईचीही कड जाईल, आणि तिच्या सुनेला खोकायचं सुचणार नाही." बाय, मला माझ्या वयाची लाज वाटली.

मग त्याने नीट तपासलं. नस तुटलेली नसावी म्हणतो, प्लेट सरकवताना ताणली गेली असावी. घोट्याच्या हाडामागे बोटाने टिचकी मारली आणि पायाच्या कडेने मुंग्या धावल्या. मी ओरडले. तो खूश. ज्या जागी टिचकी मारली की मुंग्या येतात तिथपर्यंत नस जागी झालीय म्हणे. तिथे त्याने पेनाने खूण केली. रोज फार तर एक मिलिमीटर पुढे जाईल. मी म्हटलं, मला मिलिमीटर कळत नाही. तर म्हणाला, आठवड्याला तांदळाचा एक दाणा. मी लगेच दाणे मागवले आणि खुणेपासून करंगळीपर्यंत एकापुढे एक मांडून बघितले. अठरा झाले.

वाटेत थांबूही शकते, हेही सांगितलं त्याने. विळीला हात लावायचा नाही, गरम पिशवी बंद, आणि रोज पायावरून आरसा फिरवून जखम बघायची. सगळं कबूल केलं.

मथुरा


मुलुंड,
१२ डिसेंबर

मथुरा,

शपथ मोडली, हो. कल्पिताचं पत्र वाचलं आणि हर्षद जेवायला बसला होता तिथेच त्याच्यापुढे ठेवलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला. हात धुऊन आधी कल्पिताला फोन लावला. मी एकदा त्याच्यासाठी तुझ्यापासून लपवलं, आणि तू त्याच्यासाठी त्याच्यापासूनच. एका मुलाला दोन आया असल्या की असं होत असावं.

त्या पापलेटाचं मात्र तू चौतीस वर्षांनी लिहिलंस? मला वाटलं माझा मसाला जळला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं होतं, आणि पुढची पाच वर्षं घरात कुणीही आलं की "आमच्या सुलक्षणाचं पहिलं पापलेट" अशी गोष्ट सांगत होत्या. मी दुसऱ्या दिवशी भांडायलाच आले होते. तुझा चेहरा बघितला, माझ्यापेक्षाही घाबरलेला, म्हणून सुरमई घेऊन परतले.

दर रविवारी खूण कुठे आली ते लिहीत जा. खोटं लिहू नकोस. हर्षद बुधवारी येऊन मोजणारच आहे.

पाच वर्षं बोलणी खाल्लेली,
सुलक्षणा


खारदांडा,
२० फेब्रुवारी २०२५

सुलक्षणाबाय,

आधीच्या पत्रांत मी दाणे मोजून लिहिले. या पत्रात लिहायला दाणा नाही. मुंग्या सातव्या दाण्यावर येऊन थांबल्यात. तीन आठवडे झाले. मी रोज टिचकी मारते, नको तितक्या वेळा.

हाड जुळलं. चालते चांगली, लंगड नाही. भाचीच्या हळदीत खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. सगळे म्हणतात, मथुरा बरी झाली. मी बाजारात जाऊन बसते, मासे विकते, आणि कापायला समोरच्या शेवंतीकडे पाठवते. ती चांगली कापते. गिऱ्हाईक परत येताना आता तिच्याकडेच थांबतं.

परवा राहवलं नाही. बाजार रिकामा होता, विळी घेतली, पाट पायाखाली ठेवला. दोन बांगडे छान झाले. तिसऱ्याला पाट सरकला. मला कळलं नाही. हाताच्या अंगठ्याचं नख गेलं, थोडक्यात निभावलं. कल्पिताला सांगितलं, टोपलीचा पत्रा लागला. तुला खरं लिहितेय.

मला भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही, बाय. हर्षदला हे सांग किंवा नको सांगू, तुझं तू ठरव. त्याच्यावर माझा राग नाही. पण काल घरी येऊन मी रडले.

मथुरा


मुलुंड,
२३ फेब्रुवारी

मथुरा,

हर्षदला सांगितलं. तो म्हणाला, अजून वाट बघायची. नस मध्येच थांबते आणि परत चालू लागते, तसं झालेलं त्याने बघितलंय. पण खात्री नाही म्हणाला. मी त्याला खोटा धीर मागितला नाही आणि तुलाही देत नाही.

शनिवारी मी येतेय. तुझ्या विळीचा पाट मी धरते. माझी दोन्ही पावलं शाबूत आहेत आणि वजनही कामी येईल. तू काप. बाजार हसला तर हसू दे. पोस्टातून सुटल्यापासून मला कुणी कामावर ठेवलेलं नाही.

सुलक्षणा


खारदांडा,
४ मे

सुलक्षणाबाय,

नऊ शनिवार तू माझ्या विळीवर पाय देऊन बसलीस. पोस्टातल्या बाई मासे विकायला लागल्या, असं पार्ल्यात झालं आणि तुला त्याची भारी ऐट. या शनिवारी तुझ्या ह्यांना बरं नाही म्हणून आली नाहीस, आणि नेमकं तेव्हाच घडलं. फोन केला असता, पण आता मला लिहायचीच सवय लागलीय. मुंग्या परत निघाल्यात आणि कडेवर उतरल्यात, हे तुला माहीत आहे. पण कालपर्यंत करंगळी मेल्यासारखीच होती.

काल कल्पिताने पाट धरला होता आणि मी हलवा कापत होते. चिंबोऱ्यांची टोपली माझ्या उजव्या पायाला लागून होती. एकीची दोरी सुटली होती, ते कुणाला दिसलं नाही. एकदम करंगळीतून अशी कळ गेली की माझ्या हातातला अर्धा हलवा समोरच्या बाईच्या पिशवीत जाऊन पडला. बघते तर चिंबोरीने करंगळी नांगीत धरलेली. रक्त आलेलं. कळ पार घोट्यापर्यंत.

सगळा बाजार जमा झाला. शेवंती आपली विळी टाकून धावली, कल्पिता चिंबोऱ्यांची टोपली मागे ओढत होती, ती पिशवीवाली बाई नांगी मोडा, नांगी मोडा म्हणून ओरडत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवंतीने नांगीला हात घातला, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

म्हटलं, "थांब गो बाय. दुखतंय मना. दुखू दे जरा."

मथुरा